सनद : आधाराचा कागद

सुरतेत गोपीपुऱ्यासारख्या जुन्या वस्तीत घराचा व्यवहार निघाला की विचारणा होते, ‘सनद आहे ना?’

अरबीत सनद म्हणजे टेकायला आधार. फारसी दरबारात तिचं हुकूमपत्र झालं. 1759 मध्ये इंग्रजांनी सुरतेचा किल्ला घेतला आणि त्यावर दिल्लीच्या बादशहाची सनद मिळवली. पुढे तेच सनदा देऊ लागले. 1879 च्या मुंबई जमीन महसूल कायद्याच्या कलम 133 नुसार मोजणीची फी भरून घरजागेची सनद मिळे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटीलाही सरकारी कागद लागावा, हे बोचतंच.

मराठीत आज वकिलाला सनद मिळते, कलेक्टर सनदी अधिकारी असतो आणि सरकारी कचेरीच्या भिंतीवर नागरिकांची सनद लागते.