'सहवास' ते 'शेला'

१९४० साली निघालेल्या 'सहवास' या संग्रहात इंदिरा संत आणि त्यांचे पती, लघुनिबंधकार ना. मा. संत, या दोघांच्याही कविता होत्या. १९४६ साली संत अकाली गेले. इंदिराबाई तेव्हा अवघ्या बत्तीस वर्षांच्या, मुले लहान. पुढचा संग्रह 'शेला' आला तो १९५१ मध्ये, एकट्या इंदिराबाईंचा.

विलापिका हा प्रकार तोवर मराठीत चांगला रुळला होता. गेलेल्याचे नाव घ्यावे, गुण आठवावेत, नियतीला बोल लावावा. इंदिराबाई त्या वाटेने गेल्या नाहीत. 'शेला', 'मेंदी' (१९५५), 'मृगजळ' (१९५७) या संग्रहांत तो माणूस बहुधा 'तू' एवढाच उरतो, आणि दुःख पाऊस, सांजवेळ, घरातल्या साध्या वस्तू यांच्यावर सोपवलेले असते.

या कवितेवर 'विरहकविता' असा शिक्का विद्यार्थी वर्गात येतानाच घेऊन येतात (गाइडांची कृपा!). आम्हांला तो शब्द अपुरा वाटतो. विरहात भेटीची शक्यता गृहीत असते. इथे ती संपलेली आहे, तरी संबोधन सुटत नाही. म्हणून 'शेला' शिकवण्याआधी 'सहवास' वाचायला द्यावा. दोन आवाजांपैकी कोणता थांबला, ते त्याशिवाय कळत नाही.