चेहरा परत देणारा लष्करी डॉक्टर

प्लास्टिक सर्जरी म्हटलं की आपल्याला नट्यांची नाकं आठवतात. पण हे आधुनिक शास्त्र मोठं झालं ते पहिल्या महायुद्धाच्या रक्तामातीत.

हॅरॉल्ड गिलीज. जन्म १८८२, न्यूझीलंडमधलं ड्युनेडिन. पेशानं लंडनमधले कान-नाक-घशाचे डॉक्टर. १९१५ साली ब्रिटिश लष्कराच्या वैद्यकीय दलातून फ्रान्सला गेले आणि तिथे जे बघितलं त्यानं आयुष्याची दिशाच बदलली. खंदकातून डोकं वर काढलं की तोफगोळ्याची कपची थेट तोंडावर. जीव वाचायचा, पण जबडा नाही, नाक नाही.

गिलीजनी वरिष्ठांच्या मागे लागून १९१६ मध्ये ऑल्डरशॉटला स्वतंत्र वॉर्ड मिळवला. त्याच वर्षी सोमची लढाई झाली आणि जखमींची रीघ लागली. वॉर्ड अपुरा पडला, म्हणून १९१७ मध्ये सिडकपला खास हॉस्पिटल उभं राहिलं. तिथे पाच हजारांवर सैनिकांवर मिळून अकरा हजारांवर शस्त्रक्रिया झाल्या.

तेव्हा पेनिसिलिन नव्हतं. उघडी कातडी सडायची. गिलीजनी उचललेल्या कातडीच्या पट्टीच्या कडा शिवून तिची नळीच केली. आतला रक्तपुरवठा चालू, बाहेरून जंतूंना वाट बंद! साधी युक्ती, पण हजारो चेहरे त्यावर उभे राहिले.

आता आपल्याकडचा धागा बघा. म्हैसूरच्या युद्धात इंग्रजांचे बैल हाकणारा कावसजी टिपूच्या कैदेत सापडला, त्याचं नाक कापलं गेलं. पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसानं कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक दिलं. १७९४ साली लंडनच्या मासिकात ही हकीकत छापून आली. ती वाचून कार्प्यू या इंग्रज डॉक्टरनं १८१४ मध्ये तशी शस्त्रक्रिया केली. कपाळाची कातडी पुढे गिलीजनीही वापरली.

गिलीज १९३० मध्ये 'सर' झाले, आणि ते योग्यच. आपल्या त्या कारागिराचं मात्र नावसुद्धा कुणी लिहून ठेवलं नाही. रुग्णाचं नाव आहे, वैद्याचं नाही!

आणखी एक. सिडकपच्या रस्त्यावर काही बाकं निळी रंगवली होती. तिथे हे सैनिक बसायचे. लोकांनी दचकू नये म्हणून ती खूण. म्हणजे डॉक्टरनं चेहरा दिला तरी समाजाची नजर शिल्लकच होती. आज ॲसिड हल्ल्यातून वाचलेली एखादी मुलगी एसटीत शेजारी येऊन बसली, तर आपली नजर कशी असते? ते काम कुठल्याच सर्जनचं नाही, मंडळी. ते आपलंच.