औंधातून औंधात

हेल्मेट काढा, गॉगल काढा, मनगटावरचं ते हृदयाचे ठोके मोजणारं घड्याळही काढा. डोक्यावर काळी टोपी घाला. उजव्या पायाकडचा धोतराचा सोगा सुतळीनं पोटरीला आवळून बांधा, नाहीतर पहिल्याच चढावर तो साखळीत जाईल. तारीख ३० मे १९४३, वार रविवार, पहाटेचे साडेचार. तुम्ही कुंडलच्या वेशीपाशी आहात. अजून झुंजुमुंजूही झालेलं नाही.

हातात बर्मिंगहॅमची हर्क्युलस आहे. अठ्ठावीस इंची चाकं, लोखंडी मडगार्ड, सळ्यांचे ब्रेक आणि गिअर एकच. सपाटीवर पायडलाच्या एका फेऱ्यात ती अठराएक फूट पुढं पळते. तुमची आजची सायकल घाटातल्या सगळ्यात हलक्या गिअरला जेमतेम सात फूट सरकते, म्हणून तर तुम्ही बसल्याबसल्या घाट चढता. इथं चढ लागला की दोनच वाटा. एक तर सीटवरून उठून पायडलवर उभं राहायचं, नाहीतर खाली उतरून ढकलत जायचं.

मागचं टायर चाचपून बघा. बोटाला फुगवटा लागेल. टायर फाटलंय आणि आतून जुन्या टायरचा तुकडा बसवलाय. नवं मिळत नाही. मलाया जपान्यांच्या हातात गेला, १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं, आणि तिथल्या रबराच्या मळ्यांचं दुखणं इथं कुंडलच्या सायकलवाल्यापर्यंत येऊन पोचलं. कॅरिअरला पंप, सोल्यूशनची नळी, रबराचे चार तुकडे, कापडात बांधलेली भाकरी, कांदा आणि गूळ. कागद मात्र एकही नाही. निरोप तोंडी आहे. औंधात एका घरी जाऊन एवढंच सांगायचं : 'पुढल्या सोमवारी लग्न हाय, वाढपी कमी पडत्यात.' कुणाचं लग्न, ते विचारायचं नाही.

(हा निरोप माझ्या मनचा आहे. पुढला सोमवार मात्र खरा. त्या दिवशी, ७ जून १९४३ ला, साताऱ्यातल्या भूमिगत प्रतिसरकारच्या तूफान सेनेनं शेणोलीजवळ पुणे-मिरज गाडी अडवली आणि सरकारी पगाराची रक्कम नेली.)

आता भूगोल. तो नीट ध्यानात घ्या, कारण आज चढापेक्षा तोच जास्त छळणार आहे. आपण ज्याला सांगली जिल्हा म्हणतो तो अजून जन्मलेला नाही. सगळा मुलूख सातारा जिल्ह्याचा. १९४९ मध्ये त्यातून दक्षिण सातारा वेगळा निघेल आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली होईल. पण 'सातारा जिल्हा' हेही अर्धंच खरं. सांगली आणि मिरज पटवर्धनांची, जत डफळ्यांची, फलटण निंबाळकरांचं, औंध पंतप्रतिनिधींचं, आणि मधला-आजूबाजूचा मुलूख इंग्रजांचा. त्यात औंध संस्थान तर एका जागी नाहीच. औंध, कुंडल, आटपाडी आणि पार विजापूरकडचं गुणदाळ, असे चार तुकडे मिळून बहात्तर गावं. म्हणजे तुम्ही निघताय औंध संस्थानातून आणि पोचणार औंध संस्थानातच. मधले चाळीसेक मैल तेवढे इंग्रजांचे.

औंधच्या राजांचं, बाळासाहेबांचं, प्रकरण वेगळंच होतं. सूर्यनमस्काराचं वेड, चित्रकलेचा नाद, डोंगरावर संग्रहालय. आणि १९३९ मध्ये त्यांनी गांधीजींच्या सल्ल्यानं राज्यघटना करून कारभार गावपंचायतींच्या हाती दिला. असल्या राज्यात भूमिगतांना आसरा मिळाला नसता तरच नवल. शिवाय इंग्रजी फौजदाराला संस्थानच्या हद्दीत पाय टाकायचा तर कागद रंगवावे लागत, आणि कागद पोचेपर्यंत माणूस पुढच्या गावी जेवून झोपलेला असे. संस्थानांचं हे ठिगळकाम इंग्रजांनी आपल्या सोयीसाठी जपलं होतं. प्रतिसरकारनं ते आपल्या सोयीनं वापरलं. क्रांतिसिंह नाना पाटलांचं नाव, त्यांच्या सभा, लोकन्यायालयं, गांधी लग्नं हे सगळं आपण शाळेत वाचलं. पण हद्दीचा हा फायदा मला त्यातल्या पुष्कळ शौर्यकथांपेक्षा मोलाचा वाटतो. तो घ्यायला रस्ता पायाखाली असावा लागतो, पोवाड्याचा आवाज चालत नाही.

निघा. डोंगराच्या पायथ्यानं ताकारीकडे. गार वारं आहे तोवर मैल मारून घ्या. रस्ता मुरमाचा, मध्ये बैलगाड्यांच्या लोखंडी धावांनी कापलेली चाकोरी. चाक एकदा चाकोरीत घुसलं की तीच तुम्हाला नेईल. हँडल मारून बाहेर काढायला जाल तर आडवे व्हाल. कडेच्या पायवाटेनं चला. तिथं बैलांच्या नालाचे पडलेले खिळे कमी असतात.

ताकारीला रेल्वे आहे, आणि रेल्वे म्हणजे पोलीस. फाटकाशी एक हवालदार लिंबाखाली दात घासत बसलाय.

"कुठला रं?"

"वाडीचा. किर्लोस्करवाडीचा. कारखान्यात फिटर हाय."

"मग हिकडं कुठं?"

"औंधाला, यमाईला. नवस हाय. सुट्टी टाकलीया."

तो सायकलकडे बघतो. सायकल बाळगणारी माणसं या मुलखात मोजकी. मास्तर, पोस्टाचा माणूस, एखादा वकील, नाहीतर कारखान्यातला कामगार. म्हणून तर तुम्हाला फिटर केलंय. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंधच्या माळावर कारखाना उभा केला, तेव्हा तिथल्या स्टेशनाला कुंडल रोड म्हणत. त्यांचा पहिला धंदाही बेळगावात सायकलींचाच. गोष्ट जुळते.

"कारखान्यातला म्हंजे त्या पंड्याच्यातला का?"

इथं चूक करू नका. हसू नका आणि मानही खाली घालू नका. उमाशंकर पंड्या किर्लोस्करवाडीतले अभियंते. १० सप्टेंबर १९४२ ला इस्लामपूरच्या मोर्चावर गोळीबार झाला, त्यात ते गेले. वर्षही उलटलेलं नाही. "मी नवा हाय, साहेब," एवढंच म्हणा. हवालदार थुंकतो, हातानंच जा म्हणतो. फाटक ओलांडून फर्लांगभर गेल्यावर कळतं की ब्रेकच्या दांडीवर तुमची बोटं वळून बसली आहेत.

आता सागरेश्वराचा घाट. आज इथं अभयारण्य आहे, सांबरं आहेत, गर्द झाडी आहे, ती धों. म. मोहित्यांसारख्या माणसाच्या चिकाटीनं पुढच्या काळात उभी राहिली. १९४३ चा डोंगर उघडाबोडका. दगड, कुसळं, कुठं एखादी बोर. सूर्य वर आलाय आणि अंग तापवतोय. उभं राहून पायडल मारा, दहा फेऱ्या, वीस फेऱ्या. मांड्या पेटतात. हर्क्युलसचं वजन तुमच्या कार्बनच्या सायकलीच्या दुप्पट, आणि फुगवट्यापाशी चाक दर फेऱ्याला एकदा धप्प करतं. तिसऱ्या वळणावर उतरा. लाजू नका, इथं सगळेच उतरतात. मागं वळून पाहिलंत तर कृष्णेचा पट्टा दिसेल. खिंडीच्या पलीकडे मात्र सगळं पिवळं.

ते पिवळेपण तुम्ही ओळखणार नाही. तुम्ही याच रस्त्यानं आला असाल तेव्हा दोन्ही बाजूंना ऊस होता आणि ताकारी योजनेचं उचललेलं पाणी कालव्यातून वाहत होतं. ते पाणी यायला अजून अर्धं शतक आहे. आणि त्यासाठी भांडायला उभे राहिलेल्यांत तेव्हाचीच माणसं असतील. वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी म्हातारपणी दुष्काळी गावांच्या पाणी परिषदा भरवतील, तेच अण्णा आज भूमिगत आहेत.

देवराष्ट्र्यात थांबा. हे यशवंतराव चव्हाणांचं आजोळ, १९१३ मध्ये ते इथंच जन्मले. आडावर एक म्हातारी पाणी शेंदतेय. दोर किती खोल जातो बघा. मे महिना संपत आलाय आणि आडाचा तळ दिसायला लागलाय. पाणी मागायचीही चोरी वाटावी, अशी वेळ. ती तुमच्याकडे बघते, कळशी तशीच ठेवते आणि घरातून तांब्याभर ताक आणते, मीठ घातलेलं.

"एकदम पिऊ नगा. घोटघोट घ्या. एवढ्या उन्हात कुठं निगाला, बाबा?"

"यमाईला, आजी."

"यमाईला चैतात जात्यात, नायतर पुसात," ती म्हणते, आणि पुढं काही विचारत नाही.

मोहित्यांचं वडगाव, चिंचणी, कडेगाव. या टप्प्यात सांगण्यासारखं फारसं काही घडत नाही, फक्त ऊन वाढतं. अकरानंतर रस्त्यावर माणूस नाही. मातीचा फुफाटा टाचेपर्यंत. घाम दिसतच नाही, अंगावर यायच्या आधी वाळतो आणि सदऱ्यावर पांढऱ्या रेषा उमटतात. तुम्ही घरी बाटलीत क्षाराची गोळी विरघळवता. इथं गुळाचा खडा आणि भाकरीवरचं मीठ. कडेगावाबाहेर वडाखाली आडवे व्हा. दुपारी बारा ते तीन या रस्त्यावर सायकल हाकणारा माणूस एक तर वेडा, नाहीतर फरारी, आणि पोलिसांना हे ठाऊक आहे. झोप लागली तर लागू द्या.

याच भागात रामापूर आहे. तिथले गणपती यादव तेव्हा विशीच्या पुढचे. भूमिगतांना भाकरी आणि निरोप पोचवण्याचं काम ते करत, शेणोलीच्या गाडीवरही ते होते. त्यांनी ती सगळी पायपीट खरोखर पायांनीच केली, कारण सायकल त्यांना येतच नव्हती. ती ते शिकले पंचावन्नाव्या वर्षी. पुढं पंच्याण्णव ओलांडल्यावरही रोज सायकलवरून फिरत, म्हणून पत्रकार पी. साईनाथ त्यांच्यामागं वहीपेन घेऊन फिरले. म्हणजे तुमच्या बुडाखालची ही हर्क्युलस प्रतिसरकारच्या डाकेचा नियम नव्हे, अपवादच. बहुतेक निरोप अनवाणी गेले.

तीनला उठा. कडेपूरहून पुसेसावळीकडे रस्ता चढत जातो, एका दमात नाही, हप्त्याहप्त्यानं. एक उंचवटा चढावा, थोडं उतरावं, समोर दुसरा. पश्चिमेला ढगांचे डोंगर जमलेत. वळीव येणार असं वाटतं, वारं सुटतं, धुळीची भिंत अंगावर येते, आणि चार टपोरे थेंब पाडून सगळं निघून जातं. त्या वावटळीत बाभळीची एक फांदी रस्त्यावर पडलेली तुम्हाला दिसत नाही.

पुढचं चाक बसलं. सायकल उलटी करा, सीट आणि हँडलवर. टायर एका बाजूनं सोडवा, ट्यूब ओढा, हवा भरा. भोक शोधायला परातीत पाणी हवं, ते नाही. ट्यूब गालाजवळून सावकाश फिरवा. ओठांवर बारीक फुंकर लागेल, तिथं बोट दाबा. दगडानं घासा, सोल्यूशन लावा, वाळू द्या. घाई केलीत तर तुकडा सुटणार. टायरच्या आतून बोट फिरवून काटा काढायला विसरू नका. तो आत राहिला तर पुढच्या मैलाला पुन्हा हेच. तेवढ्यात एक मेंढपाळ पोरगा येऊन उकिडवा बसतो. त्याला सगळं बघायचंय. त्याच्याकडून कळतं की पुसेसावळीत सकाळी पोलिसांची गाडी येऊन गेली.

म्हणून गावात शिरू नका. बाहेरच्या पाणंदीनं, सायकल हातात धरून. हा खटाव तालुका. ९ सप्टेंबर १९४२ ला वडूजच्या कचेरीवर मोर्चा गेला, पोलिसांनी गोळ्या झाडल्या, नऊ माणसं पडली. मोर्चा नेणारे परशुराम घार्गे वडगावचे, याच टापूतले. इथल्या घराघरांतलं सुतक ताजं आहे. सायकलवाला अनोळखी माणूस दिसला की दारं लागतात. त्यांना तुम्ही कोण ते माहीत नाही, आणि तुम्हाला सांगता येत नाही.

औंधची हद्द कुठं लागते ते रस्त्यावर लिहिलेलं असेल अशी अपेक्षा ठेवू नका. पुढं यमाईचा डोंगर दिसायला लागतो, मूळपीठ. उतार लागतो. दिवसभरात पहिल्यांदा पाय थांबवून नुसतं बसता येतं. सळ्यांचे ब्रेक रिमवर किंचाळतात, पुढच्या चाकातला तुकडा धरून आहे. इथून पुढं तुम्हाला कुणी अडवलंच, तर तो औंधचा शिपाई असेल, आणि त्यालाही घरी जायची घाई असेल.

घर सापडतं. दार उघडणाऱ्या वहिनी आधी पाण्याचा तांब्या पुढं करतात, मग आत हाक मारतात. बाहेर आलेल्या दादांना तुम्ही निरोप सांगता. ते दोनदा ऐकतात, "बरं," म्हणतात आणि तुमच्या पायांकडे बघतात. ते थरथरताहेत.

"जेवा, दोन तास पडा. अमावास्या जवळ आलीया, रात काळीकुट्ट हाय. मग निगा."

"सायकलला दिवा नाही, दादा."

"सायकल हितंच ऱ्हाऊ द्या. येताना ती लोकांनी बगितलीया. जाताना डोंगरानं जायचं, चालत."