शिकवण्यावरची बंदी आणि एका विद्यार्थ्याचा छंद

#थ्रेड #संगणकाचा_इतिहास

१/ आपल्या हातातील अँड्रॉइड फोन ज्या लिनक्स कर्नलवर चालतो, त्याचे मूळ शोधू लागले की आपण एखाद्या कंपनीच्या दालनात नव्हे, तर विद्यापीठाच्या वर्गात जाऊन पोहोचतो. त्या वर्गात एक विषय शिकवण्यास मनाई करण्यात आली होती. आजचा धागा त्या मनाईचा आणि तिच्यातून नकळत उगवलेल्या एका छंदाचा.

२/ १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा जन्म झाला. मालक कंपनी एटी अँड टी. सरकारशी १९५६ मध्ये झालेल्या कायदेशीर तडजोडीमुळे तिला संगणकाच्या धंद्यात उतरता येत नव्हते. म्हणून १९७० च्या दशकात युनिक्स विद्यापीठांना नाममात्र शुल्कात, सोर्स कोडसह मिळू लागली.

३/ ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स हे प्राध्यापक होते. त्यांनी १९७६-७७ च्या सुमारास युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीचा सुमारे नऊ हजार ओळींचा कोड छापून काढला आणि त्यावर सविस्तर टीका लिहिली. जुन्या पंडितांनी ग्रंथावर भाष्य लिहावे, तशी. खरी, चालती ऑपरेटिंग सिस्टिम विद्यार्थी प्रथमच ओळीओळीने वाचू लागले.

४/ १९७९ मध्ये सातवी आवृत्ती आली, तिच्याबरोबर नवा परवानाही आला. हा कोड वर्गात शिकवण्यास त्याने मनाई केली. लायन्स यांच्या टीकेची उघड वाटही बंद झाली. मग फोटोकॉपीवरून फोटोकॉपी काढत ती हस्ते परहस्ते फिरत राहिली.

५/ ॲमस्टरडॅमच्या व्रये विद्यापीठातील प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला : कोड न दाखवता हा विषय शिकवायचा कसा? त्यांनी युनिक्सची एकही ओळ न घेता तशीच वागणारी एक छोटी सिस्टिम स्वतः लिहिली. तिचे नाव मिनिक्स. १९८७ मध्ये पाठ्यपुस्तक प्रसिद्ध झाले आणि त्याच्या परिशिष्टात मिनिक्सचा कोड छापला होता.

६/ आता फिनलंडकडे वळू. हेलसिंकीत १९६९ साली जन्मलेल्या लिनस टोरव्हाल्ड्सचे आजोबा लिओ टर्नक्विस्ट संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी कमोडोर व्हिक-२० हा घरगुती संगणक आणला आणि टंकलेखनाचे काम नातवाकडे दिले. पुढे मुलाने सिंक्लेअर क्यूएल घेतला. त्यासाठी तयार सॉफ्टवेअर फारसे मिळेना, म्हणून असेम्ब्लर आणि एडिटर त्याने स्वतःच लिहिले. हवे ते मिळत नसेल तर आपणच लिहावे, ही सवय येथे लागली.

७/ १९९० मध्ये हेलसिंकी विद्यापीठात त्याचा युनिक्सशी परिचय झाला. टॅनेनबॉम यांचे पुस्तक त्याने त्याच काळात वाचून काढले. जानेवारी १९९१ मध्ये हप्त्यांवर ३८६ जातीचा पीसी घेतला आणि त्यावर मिनिक्स चढवली. विद्यापीठाच्या संगणकाशी फोनवरून जोडून घेण्याची मिनिक्समधील सोय त्याला आवडली नाही. तेव्हा तो प्रोग्रॅम त्याने स्वतः लिहायला घेतला, तोही ऑपरेटिंग सिस्टिमचा आधार न घेता, थेट यंत्रावर.

८/ सुरुवातीला दोनच कामे आळीपाळीने चालत. एक पडद्यावर ‘ए’ अक्षर उमटवी, दुसरे ‘बी’. पुढे फाइल उतरवून ठेवायची गरज पडली. त्यासाठी डिस्क चालवणारा कोड आला, मग फाइल सिस्टिम आली. एक दिवस लक्षात आले की हा टर्मिनलचा प्रोग्रॅम राहिलेला नाही, ऑपरेटिंग सिस्टिमच आकार घेत आहे.

९/ २५ ऑगस्ट १९९१ रोजी त्याने मिनिक्सच्या चर्चागटात हे काम जाहीर केले. हा केवळ छंद आहे, मोठे काही होणार नाही, अशी नम्र पुस्तीही जोडली. सप्टेंबरमध्ये सुमारे दहा हजार ओळींची ०.०१ आवृत्ती सर्व्हरवर गेली. त्याच्या मनात ‘फ्रीक्स’ हे नाव होते. सर्व्हर सांभाळणाऱ्या आरी लेम्के यांनी मात्र फोल्डरला नाव दिले ‘लिनक्स’, आणि तेच टिकले.

१०/ मग मिनिक्सच का सुधारली नाही? टॅनेनबॉम यांच्याकडे सुधारणांच्या मागण्या सतत येत, आणि ते त्या नाकारत. यात अहंकार नव्हता. एका सत्रात शिकवून होईल एवढीच सिस्टिम त्यांना हवी होती. शिवाय ती प्रकाशकामार्फत विकली जाई, आणि बदललेली मिनिक्स कोणाला मुक्तपणे वाटता येत नसे. अध्यापनासाठी जन्मलेली मिनिक्स अध्यापनाच्याच चौकटीत राहिली.

११/ २९ जानेवारी १९९२ रोजी टॅनेनबॉम यांनी लिनक्सची रचना कालबाह्य असल्याचे जाहीरपणे लिहिले. सारा कर्नल एकसंध ठेवणे त्यांना मागासलेपणाचे वाटे. तू माझा विद्यार्थी असतास तर अशा रचनेला चांगले गुण मिळाले नसते, असा टोलाही त्यांनी लगावला. बावीस वर्षांच्या टोरव्हाल्ड्सने तिखट उत्तर दिले आणि नंतर त्या भाषेबद्दल माफीही मागितली. रचनेचा वाद तेथे मिटला नाही. पण आपण ज्याला विरोध करतो त्याच्याच पुस्तकावर आपण शिकलो, हे कोणी नाकारले नाही.

१२/ खरा निर्णय याच सुमारास दुसरीकडे झाला. पहिल्या परवान्यात लिनक्ससाठी पैसे घेण्यास मनाई होती. १९९२ च्या आरंभी टोरव्हाल्ड्सने रिचर्ड स्टॉलमन यांच्या ग्नू चळवळीचा जीपीएल परवाना स्वीकारला. वापरा, वाचा, बदला, विकासुद्धा. मात्र पुढे वाटताना सोर्स कोड खुला ठेवा. ज्या गोष्टीवर १९७९ मध्ये बंदी आली होती, तीच येथे अट झाली. लोक पैसे देऊ करत, तेव्हा तो पोस्टकार्डे मागवी. आपल्याकडे याला लष्कराच्या भाकऱ्या भाजणे म्हणतात. फरक एवढाच की या भाकऱ्या भाजायला जगभरातून माणसे चुलीपाशी येऊन बसली.

१३/ त्यातील सगळेच कोड लिहिणारे नव्हते. १९९२ मध्ये सुरू झालेल्या लिनक्स डॉक्युमेंटेशन प्रोजेक्टमध्ये स्वयंसेवकांनी नवख्यांसाठी मार्गदर्शिका लिहिल्या. स्वतः टोरव्हाल्ड्स विद्यापीठात अध्यापन-साहाय्यक होता. १४ मार्च १९९४ रोजी १.० आवृत्ती आली, तेव्हा ओळी झाल्या होत्या १,७६,२५०.

१४/ ही परंपरा मराठीपर्यंतही आली आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठी आवाजात मोफत उपलब्ध आहेत. इंग्रजीच्या धास्तीने मागे राहणाऱ्या विद्यार्थ्याला याचे मोल सांगावे लागत नाही.

१५/ लायन्स यांची टीका अखेर १९९६ मध्ये रीतसर प्रसिद्ध झाली. मिनिक्सही २००० मध्ये खुली झाली. तोवर लिनक्स फार पुढे निघून गेली होती. या साऱ्याचे श्रेय एका बुद्धिमान मुलाला देऊन थांबणे सोपे आहे. पण त्याच्यासमोर ते पुस्तक उघडे पडले नसते, तर त्या बुद्धीने वाचले काय असते? कोड झाकून ठेवणाऱ्यांना ग्राहक मिळाले. उघडा ठेवणाऱ्या शिक्षकाला त्याच्याशीच वाद घालणारा विद्यार्थी मिळाला. शिक्षकाच्या दृष्टीने याहून मोठी मिळकत कोणती?