शब्दखंडन

ज्ञानेश्वरांच्या (१२७५–१२९६) अमृतानुभव ग्रंथातील, शब्दाच्या ज्ञानसामर्थ्याची मर्यादा ठरवणारे सहावे प्रकरण व त्यातील सिद्धांत.

ज्ञानेश्वरांचे घराणे पैठणजवळच्या आपेगावचे (जि. छत्रपती संभाजीनगर), ग्रंथरचना परंपरेने नेवासे येथील मानतात (पहा : अमृतानुभव, पैठण). ग्रंथातील वाणीविचाराची पार्श्वभूमी भर्तृहरीच्या वाक्यपदीयात व शैवागमांत आढळते. वैखरी, मध्यमा, पश्यंती व परा या वाणींची स्थाने परंपरेने देहातच, मुखापासून खाली नाभीपर्यंत, कल्पिली आहेत; त्यामुळे भाषा, मन व देह यांचे प्रश्न येथे वेगवेगळे उरत नाहीत. तिसऱ्या प्रकरणानुसार या वाणी अविद्येबरोबर लयास जातात आणि ज्ञान उरते. मात्र तेही बंधनच ठरते. त्यासाठी ज्ञानेश्वर शिवसूत्रांचा आधार घेतात (पहा : वाचाऋणपरिहार).

सहाव्या प्रकरणाचा आरंभ शब्दाच्या गौरवाने होतो : शब्द स्मरण देतो, अमूर्ताचा आरसा होतो. पण स्मरण विसरलेल्या वस्तूचेच संभवते. आत्म्याला स्वतःचे विस्मरण नाही, म्हणून स्मरणही नाही. शब्दाला तेथे काम उरत नाही. अविद्या मुळातच नसल्याने तिच्या नाशाचे श्रेयही त्याला मिळत नाही. अविद्येचे हे नसणे दृष्टांतांमागून दृष्टांत देऊन ठसवले आहे. शब्दाचे हे सारे खंडन ओवीबद्ध शब्दांतच चालते, हे अर्थातच उघड आहे.

अविद्येच्या नसण्याच्या विचाराचा विस्तार सातव्या, ग्रंथातील सर्वांत मोठ्या प्रकरणात होतो (पहा : अज्ञानखंडन). शं. दा. पेंडसे यांनी ज्ञानेश्वरांचे तत्त्वज्ञान शांकर अद्वैताशी जोडले, भा. पं. बहिरट यांनी त्याचे स्वातंत्र्य प्रतिपादले (पहा : चिद्विलासवाद).