दोन मतं कमी

२७ एप्रिल १९७२. पश्चिम जर्मनीचे चॅन्सलर विली ब्रांट यांच्यावर बॉनच्या संसदेत अविश्वास ठराव आला होता. बहुमताला २४९ मतं लागत होती आणि सत्ताधारी आघाडीचे खासदार एकेक करून फुटल्यामुळे ख्रिश्चन डेमोक्रॅट नेते रायनर बार्झेल यांच्याकडे ती होती, निदान कागदावर. मतदान गुप्त झालं. मोजणीत निघाली २४७.

भांडण होतं शेजाऱ्यांवरून. जो देश पूर्व जर्मनीला मान्यता देईल त्याच्याशी संबंध तोडायचे, असं पश्चिम जर्मनीने १९५५ मध्ये ठरवलं. युगोस्लाव्हियाशी १९५७ मध्ये तोडलेही. या हट्टापायी शेजारच्या पोलंडमध्ये स्वतःचा राजदूतसुद्धा नव्हता! भिंत उभी राहिली तेव्हा ब्रांट पश्चिम बर्लिनचे महापौर होते. आपण तोंड फिरवल्याने पलीकडचा देश नाहीसा होत नाही, हे त्यांना रोज खिडकीतून दिसत असावं.

१९७० मध्ये त्यांनी मॉस्को आणि वॉर्सामध्ये करार केले. ओडर-नायसं सीमा मानायची, म्हणजे सायलेशिया, पोमेरेनिया, पूर्व प्रशियावर व्यवहारात पाणी सोडायचं. युद्धानंतर पूर्वेकडून हाकलले गेलेले एक कोटीहून अधिक जर्मन होते. त्यांतले बहुतेक आता पश्चिमेत मतदार होते. फुटलेले हेर्बर्ट हुप्का हे सायलेशियाच्या निर्वासितांचेच नेते. त्यांना नुसतं गद्दार म्हणून मोकळं होणं मला पटत नाही; त्यांचं घर खरोखरच गेलं होतं. वॉर्साच्या ज्यू घेट्टोच्या स्मारकापुढे ब्रांट गुडघ्यांवर बसले, तेव्हा ‘डेर श्पीगेल’च्या पाहणीत ४८ टक्के लोकांना ते अति वाटलं, ४१ टक्क्यांना योग्य.

जर्मन राज्यघटनेच्या ६७व्या कलमानुसार नवा चॅन्सलर निवडल्याशिवाय जुना काढता येत नाही. वायमार काळात सरकार पाडायला सगळे एकत्र येत, चालवायला कुणी नाही. त्यावरचा हा उपाय. (नवी सिस्टिम चालू झाल्याशिवाय जुनी बंद करू नका, हे आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना वेगळं सांगावं लागत नाही.) आपल्याकडे एप्रिल १९९९ मध्ये वाजपेयी सरकार एका मताने पडलं, पर्यायी सरकार काही बनलं नाही आणि निवडणूक लागली. ६७व्या कलमाखाली ते घडलं नसतं.

पण कलमाने ब्रांटना वाचवलं, बहुमत दिलं नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांचा अर्थसंकल्प २४७ विरुद्ध २४७ असा अडकला. मे महिन्यात विरोधक बहुतांशी तटस्थ राहिले म्हणून करार मंजूर झाले.

ती दोन मतं गेली कुठे? बार्झेल यांच्याच पक्षाचे यूलियस स्टायनर यांनी १९७३ मध्ये सांगितलं, आपण ५०,००० मार्क घेतले. पैसे पूर्व जर्मनीच्या गुप्तहेर खात्याचे, असं त्या खात्याच्या परदेश विभागाचे प्रमुख मार्कुस वोल्फ यांनी पुढे आठवणींत लिहिलं. ज्या देशाशी बोलायचं की नाही यावर मतदान, त्याचाच त्यात हात!

मग त्या करारांना लोकमान्यता होती का? माझ्या मते होती, पण ती एप्रिलमधली नव्हे. ब्रांटनी मुदतीआधी संसद विसर्जित करून घेतली. नोव्हेंबर १९७२ मध्ये ९१ टक्के मतदान झालं आणि त्यांचा सोशल डेमोक्रॅट पक्ष युद्धानंतर पहिल्यांदाच सर्वांत मोठा ठरला. पूर्व जर्मनीशी करारावर सही त्यानंतर, डिसेंबरात झाली.

२ मे १९७४ रोजी बॉन आणि पूर्व बर्लिनमध्ये दोन्ही देशांची स्थायी प्रतिनिधी कार्यालयं उघडली. त्यानंतर काही दिवसांतच ब्रांट यांनी राजीनामा दिला. चॅन्सलर कार्यालयातला त्यांचा सहायक ग्युंटर गियोम पूर्व जर्मनीचा हेर निघाला होता.