शांबोरचा प्रासाद व वनोद्यान

मध्य फ्रान्समधील प्रबोधनकालीन राजप्रासाद. लुआर नदीच्या दक्षिणेस, ब्ल्वा शहराच्या पूर्वेला, सोलोन्यच्या पाणथळ रानात कोसाँ या लहानशा नदीकाठी तो आहे. पहिला फ्रान्स्वा या राजाने १५१९ मध्ये त्याचे बांधकाम सुरू केले, ते शिकारीच्या हौसेपोटी. ४०० हून अधिक दालने व २८२ चुली असूनही ३२ वर्षांच्या कारकिर्दीत त्याचा येथील एकूण मुक्काम जेमतेम काही आठवड्यांचा होता. स्वारी येताना सामानसुमान गाड्यांतून यायचे. ती परतली की दालने पुन्हा रिकामी होत. म्हणूनच शांबोर समजून घ्यायचे तर सुरुवात रानापासून करावी.

सुमारे ५,४४० हेक्टरांच्या या रानाभोवती ३२ किमी. लांबीची दगडी भिंत आहे. तिचे काम फ्रान्स्वाच्या काळात सुरू झाले आणि सतराव्या शतकात राजघराण्यातील गास्तों दोर्लेआंने ते पुरे केले. आत ओक व पाइनची दाट झाडी, तळी, हरणे आणि रानडुकरे आहेत. प्रासादाची गच्चीही याच रानासाठी होती. धुराडी, मनोरे आणि झरोक्यांच्या त्या गर्दीत उभे राहून दरबारी मंडळी शिकार पाहत.

वास्तूचे खरे वैभव मधला दुहेरी मळसूत्री जिना. एकाच पोकळ गाभ्याभोवती दोन स्वतंत्र जिने वर चढतात. एकातून चढणारा आणि दुसऱ्यातून उतरणारा गाभ्याच्या खिडक्यांतून एकमेकांना दिसतात, पण वाटेत कुठेही समोरासमोर येत नाहीत. लिओनार्दो दा विंची शेवटची वर्षे जवळच आंब्वाझला होता, त्यामुळे ही कल्पना त्याची असावी असे अनेक अभ्यासक मानतात. मात्र तसा कागद उपलब्ध नाही. वरच्या मजल्याच्या कमानदार छतांवर ‘एफ’ हे राजाचे आद्याक्षर आणि त्याचे चिन्ह असलेला सॅलमँडर हा पालीसारखा प्राणी कोरलेला आहे.

१६७० मध्ये चौदाव्या लुईसमोर नाटककार मोल्येरच्या ‘ल बुर्झ्वा जांतीयोम’चा पहिला प्रयोग येथेच झाला. पुढे पोलंडचा पदच्युत राजा स्तानिस्लास आणि सेनापती मोरिस द साक्स येथे राहून गेले. फ्रेंच राज्यक्रांतीत सामान लुटले वा विकले गेले, इमारत मात्र वाचली. १९३० मध्ये ती सरकारने विकत घेतली. १९३९ मध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर लूव्ह्‌र संग्रहालयातील कलाकृतींच्या पेट्या येथे हलवण्यात आल्या. ‘मोना लिसा’ही त्यांत होती. या रिकाम्या दालनांचा इतका मोलाचा उपयोग त्यापूर्वी क्वचितच झाला असेल.

१९८१ पासून प्रासाद जागतिक वारसायादीत आहे. त्याच्यासमोरील अठराव्या शतकातील आखीव बाग २०१७ मध्ये नव्याने साकारण्यात आली. रानाचा बराच भाग आजही लोकांसाठी बंद असतो. खुल्या भागातील मचाणांवरून शरद ऋतूत नर हरणांच्या झुंजी पाहता येतात. येथे पकडलेली हरणे फ्रान्समधील इतर जंगलांत सोडून तेथील कळप पुन्हा उभे करण्यात आले आहेत.